अकरा मिनिटं

डॉक्टर आहे का, विचारलंत.
आहे. गुरुवारी, दहा ते साडेबारा,
चर्चच्या हॉलमागच्या खोलीत.
बुधवारी रात्री तिथे पत्त्यांचा अड्डा बसतो,
तेव्हा तपासायच्या टेबलावर
कधी इस्पिकची राणी सापडली तर घाबरू नका.

बस मंगळवारी आणि शुक्रवारी.
थांब्याला पाटी नाही. गिलहूलींच्या भिंतीचा दगड
पाठी टेकून टेकून जिथे गुळगुळीत झालाय
तिथे उभं राहायचं.
तुम्ही नसलात तर फिनबार हॉर्न देतो,
तरी नाही आलात तर उतरून दार ठोठावतो;
तोवर बसमधली चार टाळकी
तुमच्या गुडघ्यांची चर्चा करतात.

दुकान एकच. टर्लक देवेनीचं.
हॅम, खिळे, गमबूट, मेंढ्यांवर खूण करायचा निळा रंग,
वाढदिवसाची कार्डं, दुखवट्याची कार्डं
(दुखवट्याची जास्त खपतात).
मागच्या दारानं गेलात की पब.
शवपेट्याही तोच पुरवतो,
पण ते दार वेगळं, आणि तुम्हाला आत्ताच कशाला.

चौकात टेलिफोनचं खोकं उभं आहे अजून.
आत टेलिफोन नाही,
थांबलेलं हृदय चालू करायचं यंत्र आहे.
एकदाच उघडलं. गेल्या फेब्रुवारीत, मॅलकी टोलंडसाठी.
बटण दाबलं सोळा वर्षांच्या सोरखानं.
तेव्हा तिचे हात थरथरले नाहीत म्हणे.
नंतर थरथरले, आठवडाभर,
चहाचा कप धरवेना.
मॅलकी आता त्या खोक्यावरून जाताना टोपीला हात लावतो,
चर्चवरून जाताना लावायचा, तसाच.
चर्चवरून जाताना लावतो का, माहीत नाही.
आम्ही बघायचं टाळतो.

आणि पोस्ट.
होतं.

अट्रॅक्टा कनीनच्या खिडकीशेजारी एक खुर्ची,
आणि भिंतीवर भरती-ओहोटीचं छापील कोष्टक.
ते मोठ्या बंदराचं. आमच्या खाडीत पाणी
अकरा मिनिटं उशिरा येतं.
दर जानेवारीत अट्रॅक्टा पेन्सिल घेऊन बसायची
आणि प्रत्येक आकड्याशेजारी अकरा मिळवून लिहायची.
दिवसाचे चार आकडे, वर्षाच्या चौदाशे बेरजा.
कोणी सांगितलं नव्हतं. पगारात नव्हतं.

पोस्ट बंद होणार, असं पत्र घरोघर आलं.
घरोघर म्हणजे आधी तिच्याकडेच आलं,
तिनंच ते गल्लीवार लावलं,
आपलं सगळ्यात खाली.

शेवटच्या दिवशी रांग दारातून बाहेर, पावसात.
प्रत्येकाला तिकीट हवं होतं,
पत्र कोणाकडेच नव्हतं.
मॅलकीनं स्वतःच्याच नावानं एक पाकीट टाकलं.
तीन दिवस ते कुठे कुठे फिरून
खिडकीपासून वीस पावलांवरच्या त्याच्या घरी पोचलं.
त्यानं फोडलेलं नाही.
आत काय आहे ते त्याला ठाऊकच आहे, म्हणतो.

यंदाचं कोष्टक देवेनीच्या दुकानात लागलंय.
रंगीत, गुळगुळीत कागद,
त्यावर पेन्सिल उठत नाही.

तर तुम्ही भाड्यानं घेतलेल्या घराखाली
सुकतीला वाळूची वाट उघडते, बेटापर्यंत.
बेटावर काही नाही.
मेंढ्या, पडकी भिंत, आणि वारा
जो तुमचं वाक्य तुमच्याआधी संपवतो.
पण जाल. सगळे जातात.
आकडा बघा, अकरा मिळवा, मग निघा.
परत येताना मात्र मिळवू नका.
ती अकरा मिनिटं आपली नव्हेत, असं अट्रॅक्टा म्हणते.
कोणाची, ते सांगत नाही.

आणखी काय म्हणालात? वाय-फाय?
हॉलच्या पायरीवर येतं.
डावीकडच्या. उजवीकडे मांजर बसतं.